कपाटाची छाटणी

"फुकट वाटत सुटलेल्या माणसावर जरा नजर ठेव गं पोरी," असं बर्निस मारिटला म्हणाली होती, आणि मारिटनं ते हसण्यावारी नेलं होतं. नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार होता. सेंट पॉलमधल्या बर्निसच्या खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेहमीची मंडळी पटाभोवती जमली होती, आणि आर्लननं वरून, उत्तरेकडून पाठवलेलं खोकं मधल्या टेबलावर फोडलं जात होतं. आत सात-आठ खेळ. कोरे नव्हते, पण आर्लनच्या हातचे म्हणजे कोऱ्याहून बरे. पत्त्यांना पारदर्शक कव्हरं, सोंगट्या रंगवार पिशव्यांत, नियमांची पुस्तिका इस्त्री केल्यासारखी. ज्याला जे हवं ते घ्या, असा त्याचा निरोप होता. मंडळींनी टाळ्या पिटल्या. "आर्लननं छाटणी काढली!" "म्हणजे शेवटी त्याच्याही कपाटानं हाय खाल्लीच!" या लोकांत छाटणी म्हणजे कौतुकाची गोष्ट. खेळ घेत सुटायचे, भिंतीच्या भिंती भरायच्या, घरच्यांची बोलणी खायची, आणि मग एखाद्या वर्षी मन घट्ट करून निम्मे खेळ वाटून मोकळं व्हायचं. कपाट आधी कसं होतं आणि आता कसं झालं, असे दोन फोटो टाकायचे; खाली सगळ्यांनी लिहायचं, अभिनंदन, हलकं वाटत असेल ना. मारिटनंही त्या दिवशी तसंच काहीसं लिहून पाठवलं. एकटी बर्निस टाळ्या न वाजवता लिंबाच्या वड्यांची बशी धरून उभी होती. तिचं ते बोलणं मारिटला दुकानदारिणीचं वाटलं. खेळ फुकटात मिळायला लागले तर हिच्या गल्ल्यात काय पडणार? "तुमचा धंदा बुडवणार तो, बर्निस," ती म्हणाली होती. मग मांडीवरच्या लेकीच्या, टिलीच्या, मुठीतून एक लाल ठोकळा सोडवण्यात ते बोलणं तिथंच राहून गेलं.

आणि आता जानेवारीतल्या एका दुपारी, टिली नुकती कुठं झोपली असताना, मारिट जिन्याखालच्या दारात वाकून उभी होती आणि तिच्या पायाशी आर्लनच्या अक्षरातलं आणखी एक खोकं होतं. एकच खेळ मावेल एवढं. तिनं ते वर आणलं, स्वयंपाकघरातल्या सुरीनं चिकटपट्टी कापली, सुरी लगेच वरच्या फळीवर ठेवली (टिली झोपलेली असली तरी ठेवली, कारण झोपलेली मुलं जागी होतात), आणि कागद बाजूला केला. निळं झाकण, त्यावर पांढरा दीपस्तंभ, उजव्या कोपऱ्याला तपकिरी चिकटपट्टी. 'उत्तरेचे दिवे'. त्या चिकटपट्टीवरून तिनं बोट फिरवलं. हा कुठला तरी 'उत्तरेचे दिवे' नव्हता. हा आर्लनचा होता. झाकणावर त्याच्या कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ होतं, जे पुसायचं नाही असं त्यानं ठरवून ठेवलं होतं; तो म्हणायचा, ही जागा माझ्या कपाची, एरवी मी कप कुठं ठेवला असता? पहिली लाट आली ती आनंदाचीच. खोटं कशाला बोला. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोनवर लिहिलं, अरे वेड्या, हा? हा मला? केवढी मोठी छाटणी काढलीस, अभिनंदन! मग तिनं झाकण उघडलं. आतल्या सगळ्या दिव्यांच्या सोंगट्या ओळीनं लावलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं असावीत तशी. आणि मग तिला त्याचं ते वाक्य आठवलं. हा खेळ तेवढा माझ्याबरोबर पुरा.

तसं या मंडळींत हे सगळेच म्हणतात. प्रत्येकाचा एक खेळ असतो जो तो कधी विकत नाही, उसना देत नाही. आणि बाकीच्यांनी हात लावला की म्हणतो, हा माझ्याबरोबर खड्ड्यात जाणार. म्हणायची एक पद्धत. आर्लन ते म्हणाला होता तेव्हा तीही हसली होती. पण आता ती खुर्चीवर बसली, आणि तिच्या कानामागं ती ओळखीची थंड रेघ उमटली. ही रेघ टिलीच्या जन्मापासून तिच्याबरोबर होती. टिलीचा श्वास जरा लांबला की ती यायची, घर तापवणाऱ्या भट्टीचा आवाज बदलला की यायची, नवऱ्याला, डेस्मंडला, गॅरेजातून यायला उशीर झाला की यायची. समुपदेशक बाईंनी तिला शिकवलं होतं : घंटा वाजली म्हणजे आग लागली असं नाही. पहिल्या घंटेला उठायचं नाही. पाणी प्यायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, आणि विचारायचं, माझ्या हातात काय आहे, पुरावा की भीती? मारिट पाणी प्यायली. पाय टेकवले. तिच्या हातात एक खेळ होता.

आर्लनला ती पहिल्यांदा भेटली ती मिनियापोलिसच्या खेळमेळ्यात. हजारो माणसं, शेकडो टेबलं, फाशांचा पाऊस पडावा तसा आवाज, आणि एका खांबाच्या आडोशाला चौघांच्या टेबलावर एकटाच बसलेला एक रुंद खांद्यांचा माणूस. बर्फ काढायची गाडी चालवून चालवून कंबर गेलेला, म्हणून पाठीमागं उशी. टेबलभर पट मांडलेला. बाकी कुठं जागा नव्हती. तिनं विचारलं, इथं कोणी बसलंय का? "गोर्डी बसलाय," तो मान वर न करता म्हणाला, "पण तो सरकेल." गोर्डी कोण हे तिला समजायला थोडा वेळ लागला. हल्लीच्या खेळांत एकट्यालाही खेळता यावं म्हणून पत्त्यांची एक वेगळी गड्डी देतात. आपली खेळी झाली की त्यातलं पान उलटायचं, आणि ते पान समोरच्या नसलेल्या गड्याची खेळी सांगतं. लोक त्याला खोटा गडी म्हणतात. आर्लननं त्याला नाव दिलं होतं. प्रत्येक खेळातला खोटा गडी म्हणजे गोर्डीच. गोर्डी कधी चिडत नाही, कधी फोन बघत नाही, आणि गोर्डीला घरी जायची घाई नसते, असं तो सांगायचा. त्या दिवशी मारिट आणि आर्लन खेळले आणि हरले, आणि उठताना तो म्हणाला, "फार वाईट नाही झालं." पुढं तिला कळलं की तिकडं वर सरोवराकाठी ही स्तुतीची हद्द आहे. लग्न कसं झालं, फार वाईट नाही. मुलगा डॉक्टर झाला, फार वाईट नाही. शस्त्रक्रिया झाली, वाचलो, फार वाईट नाही.

मग इंटरनेटवर त्यांचं सदर सुरू झालं. ती आधीपासून नव्या खेळांवर लिहायचीच. आता प्रत्येक खेळाचे दोन भाग झाले. 'चौघांत' हा तिचा, 'एकट्याला' हा आर्लनचा. ती शनिवारी बर्निसच्या मागच्या खोलीत खेळ मांडायची, कोण कंटाळलं, कोणाचं भांडण झालं, तिसऱ्या फेरीत कोण मुद्दाम हरलं ते लिहायची. मग तोच खेळ खोक्यात घालून आर्लनच्या गावी, केटल हार्बरच्या पोस्टातल्या त्याच्या भाड्याच्या पोस्टपेटीवर पाठवायची, कारण त्याच्या रस्त्यावर टपाल पोचत नसे. तिकडून त्याचे चार परिच्छेद यायचे. लोक तिचा भाग वाचायचे आणि त्याच्या भागाची वाट बघायचे. 'आज गोर्डीनं मला धान्याच्या बाजारात असं काही चेपलं की मी उठून खिडकीपाशी गेलो. परत आलो तर तो तिथंच.' असं काहीतरी. हसू यायचं. आता बसल्या जागी तिला त्यातलं एकेक वाक्य आठवत होतं आणि हसू कुठल्या कुठं गेलं होतं. पूर्वी केटल हार्बरात त्याचं चौघांचं टेबल होतं, हे तिला ठाऊक होतं. गावातला कारखाना बंद पडला तसा एक जण ॲरिझोनाला गेला, एक मुलीकडं, एक वारला. चौथा आर्लन. खुर्च्या त्यानं काढल्या नव्हत्या. त्यांच्यावर खेळ रचून ठेवले होते.

आणि टिली झाली तेव्हाचे ते महिने. ते दिवस तिला सलग आठवतच नाहीत, नुसते तुकडे आठवतात : दुधानं ओला झालेला सदरा, न्हाणीघरातल्या फरशीचा गारवा, आपल्या हातून हे मूल पडणार आहे ही पक्की खात्री. डेस्मंड कामावर गेला की ती आर्लनला फोन लावून उशीवर ठेवायची. तो काही विचारायचा नाही. तो खेळ मांडायचा आणि सांगत राहायचा. "आता निळा दिवा उत्तरेच्या खडकावर ठेवतोय. गोर्डीनं धुकं आणलं. वाटलंच होतं. दोन पानं उचलतो." तासभर, दीड तास. तिला काही बोलावं लागायचं नाही. त्या आवाजात मूल पडत नसे. मधेच तो विचारायचा, "काही खाल्लंस का?" ती नाही म्हणायची. "मग मी थांबतो. जा, पावाला लोणी लावून ये. गोर्डी कुठं पळून जात नाही." ती लोणी लावून यायची. अशा तऱ्हेनं ती त्या हिवाळ्यातून बाहेर आली होती, हे डेस्मंडलाही पुरतं माहीत नव्हतं. तू कसा आहेस असं तिनं आर्लनला विचारलं नव्हतं असंही नाही. दर वेळी विचारलं होतं. फार वाईट नाही, असं तो म्हणाला होता.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. ओव्हनमधून काढलेल्या हॉटडिशवरच्या बटाट्याचा एक तुकडा ती टिलीसाठी मोहरीएवढा कुस्करत होती. "डेस, आर्लननं 'उत्तरेचे दिवे' पाठवला."

"छानच की."

"त्याचा स्वतःचा."

"मग? तुला आवडतो ना तो खेळ?"

"हा माझ्याबरोबर पुरा, असं म्हणायचा तो."

डेस्मंडनं काटा खाली ठेवला. स्कूलबसच्या इंजिनात दिवसभर घातलेले हात त्यानं कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. "मारिट, परवा भट्टीतून वायू गळतोय म्हणून तू अग्निशमनवाल्यांना बोलावलंस. चार दांडगे बाप्ये बूट घालून गालिच्यावर. त्यातल्या एकानं टिलीला टोपी घातली आणि फोटो काढून गेला."

"हसू नकोस."

"नाही हसत गं. मी एवढंच विचारतोय, ही तीच घंटा की दुसरी?"

आतून सगळ्या घंटा सारख्याच वाजतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की घाबरट बाईला खरी भीती आणि खोटी भीती यांतला फरक कळत असेल, वासावरून दूध नासलेलं कळतं तसा. कळत नाही. म्हणून तिनं शहाण्या बाईसारखं वागायचं ठरवलं. ती थांबली. दुसऱ्या दिवशी थांबली. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तिनं त्याला एक साधा, हसरा निरोप पाठवला, मग फोन केला. फोन वाजत राहिला. माणसं बाहेर जातात, ती स्वतःला म्हणाली. फोन गाडीत विसरतात. पलीकडच्या खोलीत टिली आपल्याशीच गात होती. मारिट सोफ्याखाली हात घालून हरवलेला ठोकळा शोधत होती, आणि शोधताना, गालिच्याला गाल लावलेल्या अवस्थेत, तिला ते दिसलं. आर्लननं फोटो टाकला नव्हता. छाटणी करणारा माणूस आपलं मोकळं झालेलं कपाट दाखवतो, त्याच्याशिवाय छाटणीला मजाच नाही. अर्धी छाटणी त्या फोटोसाठीच असते. आर्लननं नोव्हेंबरातही दाखवलं नव्हतं, आताही नाही. आणि छाटणी करताना माणूस काय काढतो? नावडतं काढतो, दुबार झालेलं काढतो, घेताना चुकलो असं वाटणारं काढतो. झाड वाढावं म्हणून फांद्या कापायच्या. बुंधा कोणी कापत नाही. त्यानं सगळ्यात शेवटी 'उत्तरेचे दिवे' पाठवला असेल, तर त्याच्या आधीचे सगळे कुठं आहेत? ती तशीच पडून राहिली. मग उठली आणि हाताला लागलेली धूळ न झटकता तिनं आयोवातल्या क्लेटनला फोन लावला. क्लेटन त्यांच्या सदराचा जुना वाचक. आर्लनशी त्याची देवाणघेवाण चालायची.

"अगं, मलाही आला!" क्लेटन ओरडलाच. "तो जुना मिठागरांचा खेळ, आठवतोय? आता कुठं मिळतच नाही तो. मी म्हटलं पैसे घे, तर घेईना. असा दिलदार माणूस..."

"क्लेटन, तू त्याच्याशी शेवटचं कधी बोललास?"

"बोललो म्हणजे... लिहिलं ना मी. अभिनंदन म्हणून."

"त्यानं काय लिहिलं?"

"अंगठा. काय गं? काय झालं?"

मग ओमाहाची एक शिक्षिका, मग मॅडिसनमधलं एक जोडपं. सगळ्यांकडं खोकं आलेलं होतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. मारिटला ते दिसायला लागलं : एक माणूस बर्फातल्या घरात बसून एकेक खोकं बांधतोय, पोस्टात नेतोय, आणि दर खोक्यागणिक देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून टाळ्यांचा आवाज येतोय. छान केलंस. हलकं वाटत असेल ना. शाब्बास, आणखी थोडं.

तिनं बर्निसला फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. दुकानात गिऱ्हाईक असावं. बर्निसनं कोणाला तरी "फासे तिकडं, खालच्या खणात" असं सांगितलं आणि मागच्या खोलीत आली, हे दाराच्या आवाजावरून कळलं.

"तुम्हाला काय म्हणायचं होतं त्या दिवशी? नजर ठेव म्हणालात ते?"

"आमच्या रेमंडनं मासे धरायचे गळ वाटले होते," बर्निस म्हणाली. रेमंड तिचा भाऊ. "सगळे. चांगले चांगले, बापाच्या वेळचे. बर्फावरची मासेमारीची झोपडी पुतण्याला दिली. आम्ही म्हटलं, उतारवयात शहाणपण आलं म्हणायचं. मी तर आभार म्हणून ॲपल पाय करून नेऊन दिला त्याला. त्यानं बशी धुऊन परत पाठवली. स्वच्छ. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला पुरला."

"मग मला सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की."

"नजर ठेव, एवढंच म्हणालात!"

"आमच्यात याहून सरळ बोलत नाहीत, पोरी," बर्निस म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मला वाटलं तुला समजलं. तू एवढी काळजीवाली, तुला नाही समजणार तर कोणाला? आता माझ्याशी बोलत बसू नकोस. तिकडच्या शेरीफला फोन कर."

शेरीफच्या कचेरीतल्या माणसाचा आवाज सौम्य होता आणि मागं कुठंतरी प्रिंटर घरघरत होता. नाव, वय, पत्ता. पत्ता म्हणजे पोस्टपेटी. थांबा हं मॅडम. तो परत आला. "आर्लन स्कूग यांच्या नावावर बर्च रस्त्यावर घर होतं. ऑक्टोबरात विकलंय. तिथं आता एक नवीन जोडपं राहतं. माझ्या भाचीचीच मैत्रीण ती."

"मग ते कुठं राहतात?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

ऑक्टोबर. नोव्हेंबरात तो म्हणाला होता, बाहेर फूटभर बर्फ पडलाय, मी खिडकीशी बसलोय. कोणाच्या खिडकीशी?

"त्यांनी काही लिहिलंय का तुम्हाला? जिवाचं बरंवाईट करून घेईन, वगैरे? बोलले का तसं काही?"

"नाही," मारिट म्हणाली. "त्यांनी मला एक खेळ पाठवलाय."

पलीकडचा प्रिंटर थांबला. "कसला खेळ?"

"पटावरचा. दीपस्तंभांचा."

"बरं," तो माणूस म्हणाला, आणि त्या 'बरं'मध्ये तिला आपण कशा दिसतो ते स्वच्छ दिसलं. दुपारी घरात बसलेली, लहान मूल असलेली, थरथरत्या आवाजाची बाई. भट्टी, टोपी घातलेली टिली, आणि आता दीपस्तंभ. मग ती ओरडली. ती कधी कोणावर ओरडत नसे, त्या प्रदेशात कोणीच ओरडत नाही, पण ती ओरडली, की त्यानं घर विकलंय आणि कोणाला सांगितलं नाही, की त्यानं आयुष्यभर जमवलेलं सगळं वाटून टाकलंय, की आम्ही सगळ्यांनी त्याला शाब्बासकी दिलीय, तुम्हाला समजतंय का, शाब्बासकी! पलीकडच्या खोलीतलं गाणं थांबलं. टिली भोकाड पसरून रडायला लागली. "लिहून घेतोय, मॅडम," तो माणूस म्हणाला, आता वेगळ्या आवाजात. "गाडी कोणती आहे त्यांची? गाडीवरून शोधायला लावतो. पण इथं वादळ यायला लागलंय, माणसं सगळी रस्त्यावर अडकलीयत. तुम्हाला काही समजलं तर लगेच कळवा."

हिरवा पिकअप, मागचा दिवा फुटलेला. तेवढं तिला माहीत होतं. खेळमेळ्याच्या वाहनतळावर तिनं पाहिला होता.

डेस्मंड त्या दिवशी लवकर आला, वादळामुळं शाळा लवकर सुटल्या होत्या. दारात बूट झटकताना त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि एक बूट तसाच पायात ठेवून तो आत आला. तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडं बघत होती, की आता हा परत घंटेचं विचारेल. त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "मी जातो."

"कुठं? कुठं जाणार तू? पत्ताच नाही!"

"केटल हार्बरला जातो. तिथं विचारीन. पेट्रोल पंपावर, गुत्त्यात, चर्चमध्ये. रस्ता बंद व्हायच्या आत वाटेतलं डलुथ शहर गाठलं तर पुढं बघू." त्यानं काढलेला बूट परत चढवला. "दारापाशी बसून राहण्यापेक्षा बरं. तू इथून शोध. तुझी एवढी माणसं आहेत तिकडं पसरलेली."

"आणि घंटा?" तिला बोलल्याशिवाय राहवेना. "खोटी निघाली तर?"

"तर मी एका माणसाकडं कॉफी पिऊन परत येईन," डेस्मंड म्हणाला. टिलीच्या ओल्या गालावर त्यानं ओठ टेकवले, थर्मास काखोटीला मारला आणि गेला. जिन्यावर त्याचे बूट वाजले, खाली इंजिन दोनदा खोकून सुरू झालं.

मारिट टिलीला कडेवर घेऊन टेबलाशी आली. 'उत्तरेचे दिवे' उघडाच होता. आज सदरात हाच खेळ जायचा होता, जुन्या खेळांपैकी एक म्हणून. तिचा भाग केव्हाच लिहून झाला होता. चौघांत : उत्तम, पण धुक्याचा नियम समजावताना वेळ जातो, घाईच्या माणसाला बसवू नका. खाली 'एकट्याला' असं ठळक शीर्षक, आणि त्याच्याखाली पांढरी जागा, जिथं आर्लनचे चार परिच्छेद यायचे. ती त्या पांढऱ्या जागेकडं बघत राहिली. टिली एका हातानं तिचे केस ओढत होती आणि दुसरा हात सोंगट्यांकडं नेत होती. मारिटनं झाकण लावलं, खोकं फ्रिजवर ठेवलं. पाय जमिनीवर टेकवायचे, पाणी प्यायचं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. एका हातानं तिनं टंकायला सुरुवात केली. चुका होत होत्या. त्या तिनं दुरुस्त केल्या नाहीत. कारण वाचणारे तिचे लोक होते, नियमांच्या पुस्तिकेतल्या चुका दुरुस्त करत खेळणारे, त्यांना अर्थ लागला असता. तिनं गोर्डीबद्दल एक वाक्य लिहिलं आणि पुसलं. आभाराचं एक लिहिलं, तेही पुसलं. आभार बस झाले. शेवटी जे उरलं ते तिनं पाठवून दिलं.

*एकट्याला*

*या वेळी हा भाग आर्लननं लिहिलेला नाही. आर्लन स्कूग कुठं आहे हे मला माहीत नाही. त्यानं ऑक्टोबरात घर विकलं आणि तेव्हापासून तो आपल्या सगळ्यांना खेळ वाटतोय. ही छाटणी नाही. कृपा करून यापुढं त्याला अभिनंदन लिहू नका.*

*माझं खोकं कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेलं. ज्यांच्याकडं त्याचं खोकं आलंय त्यांनी ते कचऱ्यातून काढा आणि त्यावर कुठल्या पोस्टाचा शिक्का आहे तो मला आत्ता कळवा. शेवटच्या काही खोक्यांवर केटल हार्बरचा शिक्का नसेल अशी माझी समजूत आहे.*

*माझा नवरा उत्तरेकडं निघालाय, पण त्याला कुठं वळायचं ते माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्यापेक्षा जवळ असेल. सरोवराच्या त्या काठाला राहणारे तुम्ही दहा-बारा जण तरी आहात, तुमची पत्रं मला येतात. हिरवा पिकअप बघा, मागचा दिवा फुटलेला. मोटेलांच्या मागं बघा, हिवाळ्यात बंद असलेल्या मासेमारीच्या झोपड्यांपाशी बघा. सापडला तर बाहेरून हात हलवून परत येऊ नका. दार उघडेपर्यंत थांबा आणि आत जा. काय बोलावं ते सुचलं नाही तर बोलू नका. जाताना दोघांचा एखादा खेळ घेऊन जा, त्याच्याकडं आता एकही उरलेला नसेल, आणि नियम मला समजत नाहीत म्हणून सांगा. तो समजावायला लागेल. त्याला समजावू द्या, कितीही वेळ लागला तरी. माझा नवरा येईपर्यंत उठू नका.*

*कोणी आहात का तिथं? जाऊन बघा त्याला. मग मला कळवा. मी लोकांना त्याच्या मागं लावलं म्हणून तो माझ्यावर चिडला असेल, तर तेही कळवा. चिडला असेल तर फारच बरं होईल.*